जाळीला रंग फासला म्हणजे उत्प्रेरक होत नाही

मा. संपादक,
स. न.

हिवाळा लागला की पुण्याच्या हवेची चर्चा सुरू होते आणि तिच्या मागोमाग जनरेटरच्या सायलेन्सरला बसवायच्या, धूर शुद्ध करणाऱ्या डब्यांच्या जाहिराती येतात. ‘प्लॅटिनम नाही, पॅलेडियम नाही, स्टीलच्या जाळीवर ऑक्साइडचं कोटिंग, किंमत निम्मी’ अशी त्यांची साधारण भाषा. सोसायट्यांचे सेक्रेटरी हे डबे घेतात, भोसरी-चाकणचे छोटे कारखानदारही घेतात. ऑक्साइडचा उत्प्रेरक (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ) ही मुळात थाप नाही. तांबं, मँगनीज, कोबाल्ट यांची ऑक्साइडं कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन जाळतात, हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत तांबं-मँगनीजच्या ऑक्साइडांचं जे मिश्रण तयार झालं, त्याला जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांची नावं जोडून ‘हॉपकलाइट’ म्हणतात. ते कार्बन मोनॉक्साइडपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत भरलं जात असे. अडचण रसायनाची नाही, ते रसायन पत्र्याला धरून ठेवण्याची आहे. त्याबद्दल विकणारा बोलत नाही आणि घेणारा विचारत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

धातूचा आधार का घेतात, ते आधी. कॉर्डिएराइट या सिरॅमिकचा मधाच्या पोळ्यासारखा ठोकळा डब्याचा गाभा म्हणून मिळतो. त्याच्या भिंती साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीच्या असतात. धातूच्या पातळ पत्र्याचा, म्हणजे फॉइलचा, गाभा गुंडाळला तर जाडी ०.०५ मिलिमीटर. त्यामुळे धुराला वाट जास्त मिळते, इंजिनावर उलटा दाब कमी येतो, गाभा लवकर तापतो आणि खड्ड्यातून आदळला तरी तडकत नाही. दुचाकीच्या सायलेन्सरमध्ये बहुधा धातूचाच गाभा असतो तो याचसाठी. पण कॉर्डिएराइट मुळातच सच्छिद्र असतं आणि तापल्यावर जवळपास वाढत नाही. फॉइल गुळगुळीत असते आणि चांगलीच वाढते. १०० मिलिमीटरची पट्टी ६०० अंशांनी तापवली, तर ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील सुमारे १ मिलिमीटर लांबतं. त्यावरचा, उत्प्रेरक धरून ठेवणारा ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) थर अर्धा मिलिमीटरही लांबत नाही. जनरेटर चालू झाला, बंद झाला की दर वेळी ही ओढाताण होते आणि पन्नासेक वेळा झाली की पोपडे सुटतात.

म्हणून पहिला प्रश्न पत्र्याचा. हवा असतो लोखंड, २० टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि ५ टक्के ॲल्युमिनियम असलेला मिश्रधातू, त्यात यिट्रियमसारख्या धातूची चिमूट. ‘फेक्रॅलॉय’ या नावाने तो ओळखला जातो. हीटर गुंडाळणाऱ्यांना याच कुळातली कँथलची तार चांगली ठाऊक असते. तोही तापल्यावर वाढतो, पण ३०४ पेक्षा तिसरा हिस्सा कमी. तो परवडतच नसेल आणि तापमान ५०० च्या खाली राहणार असेल, तर ४३० प्रतीचं स्टेनलेस स्टील तरी घ्यावं, ३०४ नको. डबा विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवावा. ३०४ च्या पत्र्याला तो चिकटत नाही. विणलेल्या जाळीला थोडी ओढ जाणवते, कारण तार ओढताना स्टीलच्या रचनेत बदल होतो. घट्ट चिकटला तर ४३० किंवा फेक्रॅलॉय. दोघांतला फरक मफल भट्टीत (विजेच्या बंद भट्टीत) कळतो. कोरा तुकडा ९०० अंशांवर रात्रभर ठेवला की फेक्रॅलॉय सगळीकडे एकसमान, फिकट राखाडी होतो, तर ४३० वर काळपट-तपकिरी खपली धरते.

या मिश्रधातूतलं ॲल्युमिनियम म्हणजे पुंजी आहे, आणि ती मोजकी आहे. ५० मायक्रॉनच्या, म्हणजे ०.०५ मिलिमीटरच्या, एक चौरस मीटर फॉइलचं वजन साधारण ३६० ग्रॅम, म्हणजे त्यात ॲल्युमिनियम १८ ग्रॅम. तापल्यावर दोन्ही बाजूंना पत्र्याचं रक्षण करणारा ॲल्युमिना एकेक मायक्रॉन उगवला की त्यातलं ४ ग्रॅमच्या वर खर्च होतं. चार मायक्रॉनचा थर झाला की खजिना रिकामा. मग लोखंड स्वतः गंजू लागतं आणि फॉइलला भोकं पडतात. २० मायक्रॉनची स्वस्त फॉइल घेऊन ‘तीच धातू, तेच काम’ म्हणणाऱ्याला हा हिशेब घालावा.

आता पृष्ठभाग. आमच्या मते निम्मं यश-अपयश इथेच ठरतं. फॉइल येते ती रोलिंगच्या तेलासकट. ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या ६० अंश गरम द्रावणात १५-२० मिनिटं, मग भरपूर धुणं, मग १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लामध्ये दोन-तीन मिनिटं, पुन्हा धुणं. शेवटची दोन धुणी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचीच. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर तिथेच बसतात आणि पुढे थराखाली शिरून पकड सोडवतात. तेल गेलं की नाही हे पाहायला उपकरण लागत नाही: फॉइल उभी धरून पाणी सोडायचं. सलग पडदा राहिला तर स्वच्छ. पाणी फाटून थेंब झाले की परत कॉस्टिकमध्ये. यानंतर उघड्या हाताने धरायची नाही. अंगठा लागलाच, तर तीन पायऱ्यांनंतर अंगठ्याच्याच आकाराचा पोपडा निघालेला दिसतो.

जुना पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावतात, तशी या फॉइललाही लावावी लागते. फक्त छिन्नीने नव्हे, भट्टीत. साध्या हवेत ९०० ते ९५० अंशांवर १० ते २० तास. त्या वेळात ॲल्युमिनियम आतून वर येतं आणि पृष्ठभागावर ॲल्युमिनाच्या बारीक सुयांची लव उगवते. पुढचा थर याच लवीत अडकतो. वेळ वाचवायला भट्टी थेट ११०० वर नेली, तर सुया न उगवता घट्ट, सपाट थर बसतो. पत्र्याचं रक्षण तो करेल, पकड देणार नाही. आणि विजेचं बिल वाचवायला ही पायरीच गाळली, तर उरतं ते रंगकाम. ३०४ मध्ये ॲल्युमिनियमच नसल्याने त्यावर ही लव उगवतच नाही, कितीही तापवा.

गाभा गुंडाळून त्याचे जोड ब्रेझ करायचे (दुसरा धातू वितळवून सांधायचे) ते या सगळ्याच्या आधी. कोटिंग झाल्यावर वेल्डिंगची ठिणगी आत गेली की तेवढ्या वाटा मेल्या. नुसते चार स्पॉट वेल्ड मारून सोडलेला गुंडाळा धुराच्या ठोक्यांनी मधूनच दुर्बिणीसारखा बाहेर सरकतो, हेही लक्षात असू द्यावं.

लव उगवली की आधी पातळ अस्तर: ५ ते ८ टक्के बोहेमाइट (ॲल्युमिनाचं पाणी धरलेलं रूप), नायट्रिक आम्लाने सुटं केलेलं, एक बुडी, ११० अंशांवर वाळवण, ५०० वर दोन तास. त्यावर खरा वॉशकोट, म्हणजे पुढे ऑक्साइड शोषून घेणारा सच्छिद्र थर. १०० ग्रॅम स्लरीत (पातळ लगद्यात) ३० ग्रॅम गॅमा ॲल्युमिना (ॲल्युमिनाचा सच्छिद्र प्रकार), ३ ग्रॅम बोहेमाइट, बाकी डीएम पाणी, आणि पीएच ४ होईल इतकं नायट्रिक. बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपात) १२ ते १६ तास, नव्वद टक्के कण १० मायक्रॉनच्या आत येईपर्यंत. रंगाच्या कारखान्यात कणांचा आकार पाहायला असतं ते ग्राइंड गेज इथे उत्तम चालतं. कण जाड राहिले तर ते लवीवर नुसते टेकतात आणि फुंकरीने जातात; फारच बारीक केले तर वाळताना थर आकसून भेगा पडतात, आटलेल्या तळ्यातल्या गाळाला पडतात तशा.

या स्लरीची एक खोड आहे. आम्ल ॲल्युमिनाला थोडं थोडं विरघळवतं आणि स्वतः खर्च होतं. रात्रभरात पीएच ४ वरून वर सरकतो आणि सकाळी मिल उघडली की आत दही. बहुतेक ठिकाणी मग पाणी ओततात. स्लरी पातळ होते, पण त्यात घन भाग कमी उरतो, थर विरळ बसतो आणि वजन भरायला पाच-सहा बुड्या माराव्या लागतात. खरं तर हवे असतात नायट्रिकचे काही थेंब आणि दहा मिनिटं ढवळणं. दही आपोआप ताक होतं.

बुडी एक मिनिट, बाहेर काढणं सावकाश, मिनिटाला ३ ते ५ सेंटिमीटर. मग वाटांमधली जादा स्लरी हवेने फुंकायची. कॉम्प्रेसरला तेलाचा फिल्टर हवाच, नाहीतर धुऊन काढलेलं तेल पुन्हा याच रस्त्याने येतं. वाळवताना गाभा आडवा ठेवून फिरवत राहायचा, आधी ६० अंश, मग ११०. उभा ठेवला तर सगळा माल खालच्या टोकाला साचतो. भट्टी मिनिटाला २ अंशांच्या वेगाने ५०० वर. एका बुडीत १० ते १५ मायक्रॉन, अशा तीन. एकाच बुडीत ४० मायक्रॉन बसवणाऱ्याचं कौतुक करू नये. गाभ्याच्या एका लिटर आकारमानामागे १०० ते १३० ग्रॅम वॉशकोट बसला पाहिजे.

काम करणारं ऑक्साइड यानंतर. तांबं-मँगनीजचं उदाहरण घेऊ. १०० ग्रॅम वॉशकोटवर १५ ग्रॅम ऑक्साइड हवं आणि तांब्याच्या एका अणूमागे मँगनीजचे दोन, तर कॉपर नायट्रेट (स्फटिकात पाण्याचे तीन रेणू असलेलं) १५.३ ग्रॅम आणि मँगनीज नायट्रेटचं ५० टक्के द्रावण ४५ ग्रॅम. वॉशकोट किती द्रावण पितो ते आधी पाण्याने मोजायचं. १०० ग्रॅम साधारण ५० ते ६० मिलिलिटर पितो. तेवढंच द्रावण करायचं, थेंब जास्त नाही. जास्त झालेलं वाळताना कडेकडे ओढलं जातं आणि गाभ्याच्या तोंडाशी हिरवट-निळी किनार धरते. किनार दिसली की समजावं, आतल्या भागात तांबं कमी आहे. ५ ग्रॅमपर्यंत सायट्रिक आम्ल घातलं तर द्रावण जाडसर राहून भटकत नाही. हात सैल सोडू नये. नायट्रेट आणि सायट्रिक मिळून भट्टीत भुर्रकन पेटतं आणि थर घेऊन उडतं.

शेवटची भाजणी ४०० ते ४५० अंश, तीन तास. या वेळी वरच्या मापात दर १०० ग्रॅम वॉशकोटमागे १७ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो, तांबूस-पिवळा, घसा धरणारा. त्याला कॉस्टिकचा स्क्रबर (वायू द्रावणाने धुणारं यंत्र) लागतो. हवा शुद्ध करायचं यंत्र बनवणाऱ्याच्या गाळ्यातून पिवळा धूर निघत असेल, तर खरेदीची चर्चा तिथेच संपवावी.

तापमानाची मर्यादा विक्रेत्याच्या कागदावर क्वचितच असते. तांबं-मँगनीज ५५० च्या वर फार काळ राहिलं की कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि कमी तापमानावरचं काम मंदावतं. ८०० च्या पुढे तांबं ॲल्युमिनातच विरघळून बसतं. कोबाल्टची हीच गत डोळ्यांनी दिसते: काळा थर निळा पडतो. चित्रकाराला प्रिय असलेला कोबाल्ट-निळा तो हाच. दिसायला सुरेख, उत्प्रेरक म्हणून निकामी.

मग हे कुठे वापरावं? सोसायटीच्या जनरेटरवर हात आखडता घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. १२५ केव्हीएचा संच पूर्ण भारावर तासाला अंदाजे ५०० घनमीटर (शून्य अंशाच्या मापाने) धूर सोडतो. अशा ऑक्साइडला तासाला आपल्या आकारमानाच्या ४०,००० पटीपेक्षा जास्त धूर झेपत नाही असं धरलं, तर गाभा १२-१३ लिटरचा हवा. त्या जागी ३ लिटरचा डबा बसवला, तर धूर त्यातून नुसता फिरून येतो. आणि पूर्ण भार असतो कधी? गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की संच चालतो तो लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी, पाव भारावर. धूर तेव्हा २०० ते २५० अंशांचाच असतो. ऑक्साइड नीट पेट घेत नाही आणि न जळलेलं डिझेल थरावर चिकट होऊन बसतं. काजळीच्या बाबतीत तर गैरसमजच जास्त. काजळी जळायला ६०० अंश लागतात, उत्प्रेरकाच्या अगदी अंगाला लागली तरी ३५०-४५०. उघड्या वाटांच्या गाभ्यातून ती सरळ निघून जाते. काळा धूर कमी करायचा असेल तर फिल्टर लागतो. नायट्रोजनची ऑक्साइडं हा डबा कमी करत नाही. डिझेलच्या धुरात प्राणवायू भरपूर असतो, त्यात ते काम वेगळ्या यंत्रणेचं आहे. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी-४ प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) मानकांचा नवा जनरेटर आणि जुन्या संचाला लावलेला ऑक्साइडचा डबा यांची तुलना जाहिरातीत दिसली तर ती गंमत म्हणून वाचावी.

गंधकाची बाजू मात्र सुधारली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधक १० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत दहाच्या) आत आहे, त्याआधी बीएस-४ मध्ये ५० होतं. तरी गंधक शून्य नाही. तांबं आणि मँगनीज त्याला धरून सल्फेट बनवतात आणि हळूहळू मंदावतात. इंजिन तेल जाळत असेल तर तेलातलं जस्त-फॉस्फरस काचेसारखा थर चढवतं. आणि एक कमाल शत्रू मेकॅनिकच्या हातात असतो: सायलेन्सरच्या फ्लँजला लावलेलं सिलिकॉन सीलंट. गरम झालं की त्याची वाफ गाभ्यात जाऊन वाळू होऊन बसते. तिथे ग्रॅफाइटचं गॅस्केटच लावावं.

खरी जागा आहे ती भट्ट्यांच्या धुराची. तारेवर एनॅमल चढवण्याची यंत्रं, रंग भाजण्याच्या भट्ट्या, छपाईचे ड्रायर. तिथे तापमान स्थिर, गंधक नाही, आणि जाळायचं असतं ते झायलीनसारखं द्रावक. ३०० ते ३५० अंशांवर धूर आत सोडला की काम सुरू. इथेही हिशेब हवाच. घनमीटरमागे १ ग्रॅम झायलीन जळालं की धूर साधारण ३० अंशांनी तापतो. सुरक्षेच्या नियमाने स्फोटमर्यादेच्या पाव भागापर्यंत, म्हणजे ११ ग्रॅमपर्यंत जाऊ दिलं, तर ३५० चे ६८० होतील. स्फोट होणार नाही, पण तांबं-मँगनीज भाजून निघेल. ५-६ ग्रॅमवर ताजी हवा मिसळायचा डॅम्पर (झडप) उघडला पाहिजे आणि त्याचा थर्मोकपल (तापमान मोजणारी जोडतार) धूर गाभ्यात शिरतो तिथे नव्हे, बाहेर पडतो तिथे हवा. क्लोरीन असलेलं द्रावक वापरत असाल तर हा मार्ग नकोच. हायड्रोक्लोरिक तयार होऊन थर आणि पत्रा दोन्ही खाईल.

घेणाऱ्याने काय मागावं? चिकटपणाची चाचणी: गाभ्याचा तुकडा अल्ट्रासॉनिक पाण्यात अर्धा तास, मग वाळवून वजन. शिवाय ६०० अंशांवरून हवेत थंड, असं दहा वेळा, आणि पुन्हा वजन. इथे एक हातचलाखी चालते. कोरा गाभा ४०० ग्रॅम, थर ६० ग्रॅम, चाचणीत गळाले १२ ग्रॅम. अहवालात लिहितात ‘घट २.६ टक्के’, कारण भागाकार ४६० ने केलेला असतो. भागायचं ६० ने. घट २० टक्के. ५ टक्क्यांच्या वर गेलेला माल परत करावा. हा मुद्दा नुसत्या पैशांचा नाही. गळालेली पूड धुराच्या नळीतूनच बाहेर येते आणि मँगनीजची धूळ सतत श्वासात जाणं मज्जासंस्थेला घातक असतं. म्हणजे सोडवायला निघालो कार्बन मोनॉक्साइड आणि पार्किंगमध्ये सोडलं मँगनीज.

कामाची चाचणी कोरड्या हवेत केलेली दाखवली तर ती मोजू नये. धुरात वाफ असतेच, म्हणून १० टक्के वाफ मिसळून आणि गाभा ५५० अंशांवर निदान ५० तास ठेवून मगच कार्बन मोनॉक्साइड निम्मा होण्याचं तापमान विचारावं. नव्या आणि वापरलेल्या गाभ्याच्या या दोन आकड्यांतलं अंतर ३०-४० अंशांहून जास्त असेल, तर किंमत निम्मी असूनही महाग पडेल. आणि डबा बसवताना त्याच्या आधी व नंतर पाइपाला अर्ध्या इंचाचे दोन सॉकेट वेल्ड करून घ्यावेत, प्लग लावून. हातातला गॅस ॲनलायझर दोन्हीकडे लावून, संच अर्धा तास भारावर चालल्यानंतर आकडे घ्यायचे आणि लॉगबुकात लिहायचे: बसवल्या दिवशी, मग दर तीन महिन्यांनी. सॉकेट नको म्हणणारा विक्रेता असेल, तर वेल्डरचा खर्च सोसायटीने करावा, पण डबा दुसऱ्याकडून घ्यावा.

आपले,
उत्प्रेरक आणि भट्टी-उद्योगात काम करणारे दोन वाचक,
भोसरी, पुणे